मे महिन्यातल्या दोन बादल्या

तारीख म्हणाल तर गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. रक्कम दोन हजार आठशे रुपये, दीड टनाच्या एसीत नवा गॅस भरल्याबद्दल. हजर तिघं : मी, पैसे देणाऱ्या सुमनताई आणि पलंगावर त्यांचे यजमान भागवतराव. ठिकाण बजाजनगर, तिसरा मजला, वर थेट स्लॅब. नोटा मोजून घेतल्या, पावती फाडून दिली आणि जिना उतरताना काम चोख झालं असं मनाशी म्हणालो. ते पैसे मी घ्यायला नको होते. का, ते सांगायला हे लिहितो आहे.

माझं वय त्रेपन्न. सत्तावीस वर्षं या शहरातल्या घरांमध्ये एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो. आधी वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या कूलिंग प्लँटवर होतो, नंतर स्वतःचं सुरू केलं. दुकान नाही, पाटी नाही. एक मोटरसायकल, दोन पिशव्या आणि एक वही. वहीत प्रत्येक घराचे तीन आकडे असतात : बाहेर किती अंश, खोलीत किती अंश आणि एसीच्या जाळीतून येणारी हवा किती अंश. हे तीन आकडे लिहिल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. बायको म्हणते, लग्नाच्या वाढदिवसापेक्षा तुम्हाला लोकांच्या जाळीचं तापमान जास्त लक्षात राहतं. खरं आहे. वाढदिवस वहीत नाही.

धंद्यातली जी गोष्ट मी घरोघर सांगतो आणि कुणाला पटत नाही, ती इथं आधी सांगतो. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालासारखा. धान्याची पोती आतून उचलायची आणि बाहेरच्या ओट्यावर रचायची. ओटा रिकामा असेल तर हमाल पटापट फेऱ्या मारतो. ओटा आधीच भरलेला असेल, तर एकेक पोतं ठेवायला त्याला जागा शोधावी लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेरचा ओटा गच्च भरलेला असतो. डब्यावर दीड टन लिहिलेलं असतं ते बाहेर पस्तीस अंश धरून. बाहेर त्रेचाळीस झाले की त्याच यंत्राकडून मी सव्वा टनाच्या वर अपेक्षा ठेवत नाही. आणि टन म्हणजे यंत्राचं वजनही नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढं काम. एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, "दीड टनाचा स्लॅबला भार होईल का?" त्यांच्या शंकेवर हसलो नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट गॅसची. एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात : "मिस्तरी, गॅस भरून द्या." जसं स्कूटरमध्ये पेट्रोल. पण एसीचा गॅस जळत नाही, संपत नाही. नळीला भोक पडलं नाही, जोड ढिला झाला नाही, तर पंधरा वर्षं तेवढाच राहतो. कमी असेल तर कुठून गेला ते शोधून बंद करायचं आणि मग वजन करून भरायचं. नुसता भरून देणारे मिस्तरी शहरात कमी नाहीत. मी त्यांच्यातला नाही, हा माझा अभिमान होता. होता, असं लिहितो आहे ते लक्षात घ्यावं.

उन्हाळ्यात माणसं यंत्राच्या मदतीला धावतात आणि त्यातून निम्मे बिघाड होतात. गारखेड्यात एका निवृत्त गृहस्थांनी बाहेरच्या युनिटवर गोणपाट टाकून त्यावर दिवसभर बोअरचं पाणी सोडायची सोय केली होती. पंधरा दिवस एसी बर्फासारखा चालला. महिनाभरात बोअरच्या पाण्यातला क्षार पत्र्यांच्या फटींत इतका बसला की युनिट चुन्यात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. मी अॅसिड लावून धुतलं, तीन पत्रे हातात आले. ते म्हणाले, "मी तर त्याला गार ठेवत होतो." दुसऱ्या एकांनी चोरांच्या भीतीनं बाहेरच्या युनिटला प्लायवूडचं कपाट करून कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता बघा, का गार होत नाही." मी कपाट उघडलं आणि बिल न करता निघून आलो.

आता बजाजनगर.

भागवतराव मूळचे सोयगावचे, शेतकरी. सहा वर्षांपूर्वी कडब्याने भरलेल्या ट्रॉलीवरून पडले आणि मान मोडली. जीव वाचला, पण छातीखाली शरीराला काही कळत नाही. हात खांद्यापासून हलतात, बोटं मिटत नाहीत. मुलगा वाळूजला कंपनीत लागला म्हणून सगळे बजाजनगरला आले. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. खोलीत भागवतरावांचा पलंग.

त्यांच्या बाबतीत उन्हाळ्याचा प्रश्न आरामाचा नाही. अशा दुखण्यात छातीखाली घाम येत नाही. आपलं शरीर घामानं स्वतःला गार ठेवतं, त्यांचं ठेवू शकत नाही. खोली तापली की तेही तापतात, मग ताप चढतो, मग शुद्ध हरपते. त्याआधीच्या उन्हाळ्यात ते दहा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सुमनताईंना एक आकडा सांगितला होता : खोली अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायची नाही. तो त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. मग मुलानं एसी घेतला आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये तो मीच बसवला. दहा बाय बाराच्या खोलीला दीड टन म्हणजे भरपूर.

मेच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. "भाऊ, सकाळी झ्याक चालतंय, दुपारी दमतंय. काल एकतीस झालं. यांना ताप आला."

मी दुपारी दोनला पोचलो. दोन्ही युनिट पाण्याच्या पंपानं धुवायचं ठरवलं. पंपाला मोठ्या पिनेचा बोर्ड लागतो, तो त्या घरात एकच, हॉलच्या खिडकीजवळ. "ताई, तेवढा बोर्ड मोकळा करून द्या." त्यांनी दिला. धुऊन झाल्यावर तासाभरात खोली एकतीसवरून सव्वीसवर आली. मी सातशे रुपये घेतले. धूळ होती, धुणं गरजेचं होतं, त्या सातशेबद्दल माझ्या मनात काही नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. दुपारी पुन्हा तीस. शनिवारी सकाळी आठलाच गेलो. गॅसचा दाब मोजला. दाब बरोबर होता. हे वहीत माझ्या अक्षरात आहे : दाब ठीक. तरीही मी जुना गॅस काढून नवा वजन करून भरला. दुसरं काही सापडत नव्हतं, आणि सुमनताई म्हणत होत्या, "गॅसच भरा भाऊ, खालच्यांनी भरला तर त्यांचं लगेच गार झालं." वहीतला आकडा एक सांगत होता आणि मी उलटं केलं. सव्वाअकराला काम संपलं तेव्हा जाळीतली हवा तेरा अंश, खोली सव्वीस. ते दोन हजार आठशे रुपये तिथं घेतले.

रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. दुपारी एकतीस. भागवतरावांना एकशे दोन ताप. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर दाखल करा.

सोमवारी मी दोनला गेलो. खोलीत पाय ठेवल्याबरोबर कळलं की हवा बरी नाही. तीस अंश. बाहेरच्या युनिटला ब्लोअर मारायचा म्हणून हॉलमधून वायर ओढली, वीस मिनिटं ब्लोअर मारला, पंख्याचा कंडेन्सर बदलून पाहिला, व्होल्टेज तपासलं. साडेतीनला खोली सत्तावीस.

भागवतराव पडल्या पडल्या म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही इथंच मुक्कामाला या. तुम्ही आलात की एसी कसं शहाण्यावानी चालतंय. पाव्हणं आल्यावर पोरं गप बसत्यात, तसं."

"मी गेल्यावर काय होतं?"

"तुम्ही गेलात की हवा जड होती. मानेला कळतं मला. मानेच्या खाली नाय कळत, म्हणून मानेला जास्तच कळतं."

"अहो, भाऊंना काम करू द्या," सुमनताई म्हणाल्या.

"माझी मान हाय, मी सांगणार."

मी हसलो. वहीत लिहिलंसुद्धा : 'हवा जड'. पण आजारी माणसाचं बोलणं म्हणून लिहिलं, निदान म्हणून नाही.

जाताना बाल्कनीत पाहिलं तर एसीच्या पाण्याची नळी एका बादलीत सोडलेली होती. बादली काठोकाठ भरलेली, शेजारी आणखी एक भरून ठेवलेली. "नळाला आठव्या दिवशी पाणी येतं भाऊ," सुमनताई म्हणाल्या. "ह्या एसीचं पाणी वाया नाय घालवत मी. दिवसाला दोन बादल्या निघत्यात." मी म्हणालो, "शाबास ताई, असंच पाहिजे." सत्तावीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस त्या बादल्यांसमोर उभा राहून शाबास म्हणाला.

निघताना माझ्या तोंडून जे निघालं ते असं : "यंत्र लहान पडतंय. वर स्लॅब आहे, ऊन फार आहे. दोन टनाचा घ्यावा लागेल."

"कितीला?" सुमनताईंनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यात नवी वायर आणि बोर्ड धरला. मुलाला कंपनीतल्या सोसायटीचं कर्ज काढावं लागणार होतं. सुमनताई भिंतीवरच्या पेन्सिलीच्या अठ्ठावीसकडे पाहत राहिल्या. भागवतराव म्हणाले, "घ्यायचा तर घेऊ. पण मिस्तरी, त्यानं भागल का, एवढं छातीवर हात ठेवून सांगा."

मला हात ठेवता आला नाही. "गुरुवारपर्यंत थांबा," म्हणालो. "कर्जाचा कागद करू नका. बुधवारी पुन्हा येतो."

मंगळवारी सुटे भाग घ्यायला शहागंजला खलीलभाईंकडे गेलो. खलीलभाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून स्क्रूपर्यंत सगळं त्यांच्याकडे मिळतं, आणि फुकटची खरडपट्टीही. मी त्यांना सगळे आकडे वाचून दाखवले. ते काउंटरवर कोपर टेकून ऐकत होते. बादल्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा मियाँ. दोन बादल्या? रोज? मे महिन्यात?"

"हो."

"एसी बसवला का बोअर मारला?"

दुकानात दोघं उभे होते, ते हसले. मी हसलो नाही. डोक्यात लख्ख झालं आणि त्याच वेळी कानशिलं तापली.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. एसीतून जे पाणी ठिबकतं ते यंत्रात कुणी भरलेलं नसतं, ते खोलीतल्या हवेतलं असतं. गार पत्र्यावर दमट हवा आदळली की पाणी सुटतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. पावसाळ्यात एसीतून भरपूर पाणी निघतं. पण आपल्याकडचा मे कोरडा ठणठणीत. ओठ फुटतात, वाळत घातलेला शर्ट वीस मिनिटांत कडक होतो. माझ्या वहीत मे महिन्यातल्या एसीच्या पाण्याची नोंद दिवसाला दोन-तीन लिटरच्या वर कुठंही नाही. दोन बादल्या म्हणजे पंचवीस-तीस लिटर. ते पाणी हवेत आलं कुठून? आणि हवेतून एवढं पाणी पिळून काढायलाही एसीला ताकद लागते. ती ताकद खोली गार करण्यातून जाते. हमाल पोती उचलायचं सोडून पाणीच उपसत बसला होता.

"पाइप फुटला असेल भिंतीत," मी म्हणालो.

"फुटला असता तर भिंत बोलली असती. मियाँ, तुम्ही एक काम करा. पिशवी उघडू नका. नुसतं बसा. तुमचा हात लागला की ते मशीन नीट होतंय म्हणता ना? मग हात लावूच नका." आणि त्यांनी मला हवेतला ओलावा मोजायचं छोटं मीटर दिलं. "परत आणा. मागच्या वेळचा पाना अजून आला नाही."

बुधवारी पावणेबाराला मी बजाजनगरला पोचलो. पिशवी दाराशी ठेवली आणि पलंगाजवळच्या खुर्चीवर बसलो. सुमनताईंनी विचारलं, "बोर्ड लागणार का, भाऊ?"

"नाही. आज काहीच लागणार नाही. मी फक्त बसणार आहे. तुम्ही रोजच्यासारखं करा, मी नाही असं समजा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भागवतराव म्हणाले, "बसू दे. मलाबी सोबत."

पहिला तास आम्ही सोयगावच्या कापसाबद्दल बोललो. बाहेर एक्केचाळीस, खोलीत सव्वीस, ओलावा पंचेचाळीस टक्के. साडेबाराला साडेसव्वीस. सगळं ठीक. मला वाटायला लागलं की आज माझ्यासमोर काहीच होणार नाही आणि गुरुवारी या लोकांना कर्ज काढा म्हणून सांगावं लागेल.

एक वाजता सुमनताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. बाल्कनीतली भरलेली बादली उचलली, हॉलमध्ये नेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग खटका दाबल्याचा. मग एकदम घरघर सुरू झाली, दारातून आत हवेचा झोत आला आणि पलंगावरच्या चादरीचा कोपरा हलला.

मी उठून हॉलमध्ये गेलो. खिडकीत कूलर चालू होता. पत्र्याचा, मोठ्या पंख्याचा, पाठीमागं वाळ्याची जाळी. मी तो प्रत्येक वेळी पाहिला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. आमच्या शहरात खिडकीत कूलर असतोच. त्याची पिन खिडकीजवळच्या त्या एकुलत्या एका मोठ्या बोर्डात होती. पहिल्या दुपारी माझ्या पंपासाठी आणि सोमवारी माझ्या ब्लोअरसाठी सुमनताईंनी जी पिन काढून दिली होती, ती हीच. मी येत होतो, कूलर बंद होत होता, खोली गार होत होती आणि श्रेय मी माझ्या हाताला देत होतो. शनिवारी तर मी कूलर सुरू व्हायच्या आधीच काम उरकून गेलो होतो.

"ताई, हा रोज लावता?"

"व्हय. एक वाजल्यापासून. दुपारी एसी एकटं पडतंय बिचारं, म्हणून ह्याला त्याच्या जोडीला लावते. दोघं मिळून करतील की."

"आणि खोलीचं दार?"

दार अर्धवट उघडं होतं, खाली लाकडाचा ठोकळा लावलेला. त्या फटीतून कूलरची ओली हवा सरळ खोलीत जात होती.

सुमनताई गोंधळल्या. "दार तर तुम्हीच उघडं ठेवायला सांगितलं होतं ना? मार्चमधी, बसवला तेव्हा? पेशंटची खोली हाय, अगदी कोंडू नका, चार बोटं दार उघडं असू द्या. तुम्हीच म्हणालात."

म्हणालो होतो. आठवलं. वहीत नाही, पण आठवलं. हात पुसता पुसता, चहा घेताना, सहज म्हणालो होतो. ते त्यांनी डॉक्टरांच्या अठ्ठावीसइतकंच प्रामाणिकपणे पाळलं होतं. ठोकळासुद्धा रंधा मारून बरोबर चार बोटांचा करून घेतला होता.

खिडकीतला कूलर बाहेरची एक्केचाळीस अंशांची हवा ओढायचा, त्यात पाणी मिसळायचा आणि दारातून खोलीत ढकलायचा. एसी त्या हवेतलं पाणी पिळून बादलीत टाकायचा. सुमनताई ती बादली उचलून कूलरमध्ये ओतायच्या. तेच पाणी फिरत होतं आणि खोली तापत होती. नुसता कूलर लावला असता तर त्यात गैर काही नव्हतं. कूलर कोरड्या हवेत, उघड्या खिडक्यांत उत्तम चालतो. एसीला बंद खोली लागते. दोघांची जोडी लावली की दोघंही वाया जातात. हे मी हजार घरांत सांगितलं असेल. या घरात सांगितलं नव्हतं, उलट दार उघडं ठेवायला सांगितलं होतं.

मी कूलर लगेच बंद करायला गेलो तर आतून भागवतरावांचा आवाज आला.

"मिस्तरी, राहू द्या अर्धा घंटा. आकडा लिहा. नायतर उद्या पुन्हा म्हणाल, नक्की काय ते कळलं नाय."

"तुम्हाला त्रास होईल."

"रोज पाच घंटे होतोय. अर्ध्या घंट्यानं मरत नाय मी."

त्यांचा ताप मोजला : नव्व्याण्णव. मग आम्ही तिघं थांबलो. एक पंधरा, खोली साडेसत्तावीस, ओलावा अठ्ठावन्न. दीड वाजता एकोणतीस, ओलावा एकाहत्तर. भागवतरावांच्या कपाळावर घाम येऊन तसाच थांबला होता, वाळत नव्हता. नळीतून पाण्याची धारच लागली होती. "आता जड झाली," ते म्हणाले. मीटरकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी ज्या यंत्राला, नळीला, दाबाला तीन खेपा विचारत होतो, त्याचं उत्तर ही मान सोमवारीच देऊन बसली होती.

पावणेदोनला कूलरची पिन काढली. ठोकळा काढून दार लावलं. दाराखालच्या फटीला सुमनताईंनी जुनी सतरंजी गुंडाळून लावली. आणि आम्ही पुन्हा वाट पाहत बसलो. बाहेर त्रेचाळीस. सव्वादोनला साडेअठ्ठावीस. हालेना. सुमनताई म्हणाल्या, "कूलर लावू का थोडा?" भागवतराव म्हणाले, "खबरदार." अडीचला अठ्ठावीस. तीनला सव्वासत्तावीस. नळीतली धार तुटली, मग थेंब झाले, मग थेंबही मोजण्याइतके कमी झाले. चार वाजता साडेसव्वीस, ओलावा अठ्ठेचाळीस. ताप साडेअठ्ठ्याण्णव. पाच वाजता, भर उन्हात, सव्वीस.

सुमनताई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी भागवतरावांच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच तापवत होते यांना."

"नाही ताई," मी म्हणालो. "दार मी उघडायला लावलं. तुम्ही सांगितलेलं पाळलंत."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो नाही. तसंच होतं.

दोन टनाचा एसी घेऊ नका म्हणून सांगितलं. गुरुवारी सकाळी खलीलभाई आणि मी दोघांनी मिळून गच्चीवरचं बाहेरचं युनिट कठड्यापासून दोन फूट पुढं ओढलं, म्हणजे त्याची गरम हवा त्यालाच परत मिळणार नाही. वर हिरव्या जाळीची सावली केली, हवेला वाट ठेवून. खलीलभाईंनी घरात येऊन भागवतरावांना सलाम केला आणि म्हणाले, "दादा, हे आमचे साहेब हुशार आहेत, फक्त बादली बघत नाहीत." भागवतराव इतके हसले की सुमनताईंना त्यांना सावरावं लागलं.

चार दिवस सुमनताईंनी दिवसातून सहा वेळा तापमान लिहून ठेवलं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. रविवारी दुपारी मी ते पाहायला गेलो. सगळ्यात वरचा आकडा सत्तावीस. शुक्रवारी बाहेर चव्वेचाळीस असतानाचा. ताप एकदाही नाही. बाल्कनीतल्या बादलीत तळाला बोटभर पाणी होतं.

"पाणी मातर बंद झालं," त्या म्हणाल्या. "तेवढं एक वाईट झालं."

मी खिशातून दोन हजार आठशे रुपये काढून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवले.

"हे कशाचे?"

"त्या शनिवारच्या गॅसचे. गॅस कमी नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं."

"पर भरला तर होता ना तुम्ही?"

"भरला. लागत नव्हता."

"घे गं," भागवतराव म्हणाले. "माणूस स्वतःहून चूक कबूल करतोय, त्याला आडवी जाऊ नको." सुमनताईंनी पैसे मोजले आणि भिंतीवरच्या देवाच्या फोटोमागं ठेवले.

मी उठायला लागलो तसं भागवतरावांनी अडवलं.

"बसा. अजून हिशेब व्हायचाय. बुधवारी किती वाजता आलात?"

"पावणेबारा."

"गेलात कधी?"

"पाचनंतर."

"मधल्या टायमात काय काम केलं?"

"काहीच नाही. पिशवीसुद्धा उघडली नाही. बसलो होतो."

"आमच्या रानात ज्वारी भरली की राखणीला माणूस बसवतो," ते म्हणाले. "तो पिकाला हात लावत नाय. इळा घेत नाय, पाणी देत नाय. माळ्यावर बसून नुसता बघतो. म्हणून काय त्याची मजुरी बुडवतो का आम्ही?"

"दादा, चूक माझी होती. मी कसले पैसे घेऊ?"

"चुकीचे तुम्ही दिलेत, ते मिटलं. हे दुसरं. दिवसाची मजुरी पाचशे धरली तर अर्ध्या दिवसाची अडीचशे. आणि मिस्तरी, घासाघीस करायची नाय, पडलेल्या माणसासंगं."

सुमनताईंनी फोटोमागून काढून दोनशे रुपयांची एक आणि पन्नासाची एक नोट दिली. मी पावतीपुस्तक काढलं. कामाच्या रकान्याशी पेन थांबलं, सत्तावीस वर्षांत तिथं सर्व्हिस, गॅस, दुरुस्ती, बदल याशिवाय काही लिहिलं नव्हतं. काय लिहू, म्हणून विचारलं. भागवतरावांनी सांगितलं ते लिहिलं : राखण, अर्धा दिवस. रक्कम दोनशे पन्नास, रोख. देणार भागवतराव, घेणार मी.